भोंगा वाजल्यावरचा पाठ

मुलांनो, स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ जमत नाही म्हणता. मी तो भिलाईत, प्लँट उभा राहत होता तेव्हा, शेजारणीकडून शिकले.

ती रशियन इंजिनियरची बायको, पण जन्मानं स्पॅनिश. नवरा ड्यूटीवर गेला की तिला चैन नसे. गाजर सोलता सोलता ते पार संपवून टाकायची आणि मला क्रियापद म्हणायला लावायची: एस्पेराबा, मी वाट पाहत असे, एस्पेराबास, तू वाट पाहत असायचीस.

एका दुपारी प्लँटचा भोंगा अवेळी वाजला. म्हणजे आत काहीतरी घडलं होतं, आणि तुमचे आजोबाही आतच होते. आम्ही दोघी धावत घराच्या फाटकाशी आलो. तिनं माझं मनगट धरलं.

“बोलो, बहनजी. एस्पेराबा,” ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली.

“आत्ता?” मी मराठीतच ओरडले.

“चुप रहेगा, तो डर बोलेगा.”

आम्ही मोठ्यानं म्हणू लागलो. समोरच्या घरातली वऱ्हाडी काकू म्हणाली, “मंत्र कावून म्हणून राहिल्या व बायांनो?”

इतक्यात वळणावर तिचा नवरा दिसला, एकटाच. मला वाटलं, आता ही धावेल. तिनं मनगट आणखी घट्ट धरलं.

“फिर से, बहनजी.”

तुमचे आजोबा सायकलवरून येताना दिसेपर्यंत ती नवऱ्याजवळ गेली नाही.