आधी बसायची जागा बघ

तलासरीहून चारोटीला जाणाऱ्या जीपमध्ये त्या दिवशी मला बसायला जागा नव्हती. मागच्या फळीवर अर्धी टेकले, अर्धी बाहेर. २०१४ साल, आपला जिल्हा नुकताच ठाण्यापासून वेगळा झालेला, आणि मी बारावी होऊन डहाणूच्या एका संस्थेत कामाला निघालेली. आई हायवेपर्यंत सोडायला आली होती. रडली नाही, मलाही रडू दिलं नाही. जीप हलली तशी एवढंच म्हणाली, "जाशील तिथं आधी बसायची जागा बघ. मग काय ते बोल."

मला हसू आलं. बसायला कोण चाललं होतं? मी जग हलवायला निघाले होते.

तुमच्यातले काही म्हणतील, डहाणू म्हणजे काय परदेश आहे का. नाही. पण पाड्यावर आपण दार नुसतं लोटून घेतो आणि डहाणूत पहिल्याच आठवड्यात मी कुलूप विकत घेतलं. तुमच्यापैकी जे वापीला, बोईसरला खोली करून राहिलेत त्यांना त्या कुलपाचं वेगळं सांगायला नको.

संस्थेतल्या दादांनी मला पत्रक लिहायला शिकवलं. मथळा मोठा. पहिलं वाक्य कानाखाली वाजल्यासारखं. 'परंतु' लिहायचं नाही, 'परंतु'नं माणूस थंड होतो. दारूवर, रेशनवर, पोरींच्या शाळेवर मी इतकी पत्रकं लिहिली की सुट्टीत घरी आले तरी जेवताना मथळ्यातच बोलायचे. आई म्हणायची, "भाजीत मीठ जास्त झालंय एवढंच सांग की. सभा कशाला घेतेस?"

तिसऱ्या वर्षी एका चिकूच्या पॅकिंग शेडमधून संस्थेला बोलावणं आलं. शेठनं फळं निवडायचं यंत्र आणलं होतं आणि बायका कुरकुरत होत्या. त्यांना बदलाचं महत्त्व समजावून सांगा, थोडं मोटिवेशन द्या, असा निरोप. दादांनी मला पाठवलं, कारण त्या बायका माझ्याच पाड्यावरच्या. माझी आईही त्यातलीच. हंगामात सकाळच्या टेम्पोनं यायची, संध्याकाळच्या टेम्पोनं जायची. शेडपासून माझी खोली रिक्षानं दहा मिनिटांवर, पण टेम्पो कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे आईनं माझी खोली पाहिलेली नव्हती.

मी गेले तेव्हा सगळ्या पोत्यांवर मांडी घालून बसल्या होत्या. चार प्रतींचे चार ढीग. आईचा हात फळावरून फिरायचा आणि फळ बरोबर आपल्या ढिगात जायचं, बघावंही लागत नसे. बोलणं एकीकडे चालूच. मी उलट्या क्रेटवर उभी राहिले.

"या, कागदवाल्या मॅडम," रेवामावशी म्हणाली. ती आमची शेजारीण, लहानपणी मला कडेवर घेऊन हिंडलेली. "आज काय हुकूम?"

मी पत्रक वाटलं आणि मोठ्यानं वाचलं. बदलाला भिऊ नका. जुनं सोडा, नवं धरा.

आई मान वर न करता म्हणाली, "कोण भ्यालंय? पावसात लावणी, मग गवत कापायला, मग रेतीवर, मग इथं चिकू. वर्षाला चार कामं बदलतो आम्ही. तूच एक नोकरी धरून बसलीस तीन वर्षं."

हशा पिकला. माझे कान तापले. म्हटलं, "मग यंत्राला विरोध कशाला?"

"विरोध कुणी केला? विचारतोय नुसतं. तिथं बसायचं का उभं राहायचं?"

मला माहीत नव्हतं. मी यंत्र पाहिलंच नव्हतं.

"टेम्पो त्याच टायमाला सुटणार ना?" दुसरी म्हणाली. "महालक्ष्मीच्या यात्रेची सुट्टी ऱ्हाणार का?"

आईनं पत्रक उलटं केलं आणि माझ्यासमोर धरलं. "काय बदलणार ते मोठ्या अक्षरात लिवलंस. काय तसंच ऱ्हाणार, ते कुठंय? मागची बाजू तर कोरीच."

तिला वाचता येत नाही. कोरं मात्र तिला बरोबर दिसलं.

मग मी यंत्र बघायला गेले. पट्टा कमरेएवढ्या उंचीवर, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं. आईला दिवसभर बसवा, कुरकुर नाही. तासभर उभी केली की पाय सुजतात. मी तडक शेठकडे गेले.

"तुम्हाला मोटिवेशन द्यायला बोलावलं ना?" ते म्हणाले. "मागण्या कसल्या आणता?"

"शेठ, तुमच्या ऑफिसात खुर्ची आहे ना? एक दिवस उभ्यानं फोन घेऊन बघा."

ते चिडले नाहीत. हसले, त्याचाच मला जास्त राग आला. त्या आठवड्यात मी पत्रकाची मागची बाजू लिहिली: टेम्पोची वेळ तीच राहील. यात्रेची सुट्टी राहील. बसायला उंच स्टूल मिळेल. कुणाचंही काम जाणार नाही. आणि बायकांना म्हटलं, यंत्र शिकून घ्या, एकूण एक जणीनं, शेवटी स्टुलावर कुणीही बसो. त्या चार दिवसांत शिकल्या. पाचव्या दिवशी पुन्हा पोत्यांवर जाऊन बसल्या आणि हातानं माल निवडू लागल्या. यंत्र बंद. दुसऱ्या दिवशी शेठनं सुताराला बोलावलं आणि माझं पत्रक मागून घेतलं. पहिल्या तीन ओळी ठेवल्या. चौथी स्वतःच्या पेनानं खोडली.

स्टुलं आली ती बायकांपेक्षा कमी, आणि जितकी स्टुलं तितक्याच जणींना काम. आईला मिळालं, रेवामावशीला नाही. आई माझी आई म्हणून तिला मिळालं का, हे मी शेठला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. इतरांना जाब विचारणारी मी, तिथं गप्प बसले, आणि तेव्हापासून कुठल्याच सभेत माझं चित्त एका जागी राहत नाही.

रेवामावशी उंबरगावच्या एका कारखान्यात गेली. फोनवर म्हणाली, "इथं उभंच गं. पण पट्टा चालवता येतो म्हटलं, तेव्हाच आत घेतलं त्यांनी. तुझा कागद अगदीच वाया नाय गेला." चांगलं म्हणत होती की टोमणा मारत होती, मला अजून कळलेलं नाही. आई सांगते, यंत्राच्या आवाजात आता बोलणं होत नाही, हातानं खुणा करतो. ही गोष्ट पत्रकाच्या कुठल्याच बाजूला लिहायची मला सुचली नव्हती.

तुमच्याकडेही कुणीतरी येईल, कारखान्यात, शेतात, ऑफिसात, आणि बदला म्हणेल. बदला. हट्टानं मागं राहू नका, नवीन ते आधी हातात घ्या, मी आजही हेच सांगते. परंतु कागद उलटून बघा. मागं कोरं असेल तर तिथंच विचारा. आणि स्वतःला जागा मिळाली तर शेजारणीला का नाही, तेही विचारा. माझ्यासारखं करू नका.

२०१९ ला यात्रेच्या सुट्टीत आई विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन घेऊन परस्पर डहाणूला माझ्या खोलीवर आली. पहिल्यांदा. माझ्या खोलीत एकच प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर पत्रकांचे गठ्ठे. खिळ्याला माझी पिशवी, कपडे भरलेली, पाच वर्षं कधीही निघायच्या तयारीत. मी चटई शोधू लागले. आईनं गठ्ठे उचलून खाली ठेवले आणि खुर्चीवर बसली, शेडमधल्या स्टुलावर बसत असेल तशी, पाठ ताठ. जन्मभर जमिनीवर बसलेली बाई.

"रेवा येणार होती," ती म्हणाली. "सुट्टी नाय मिळाली तिला."

मी उभीच.

तिनं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बस," म्हणाली.

पाड्यावरचं घर आहेच, पण तिथं आता मी पाहुणी असते. आणि ही खोली त्या क्षणापर्यंत नुसती भाड्याची होती. मी पिशवी खिळ्यावरून काढली, कपडे फळीवर लावले, आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसले.