आमच्या गाईंचा शोधनिबंध

सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं की मी आधी मोबाइलवर माझं पान उघडते. त्यावर माझे शोधनिबंध, आणि जगात कोणी कुठे त्यांचा संदर्भ दिला त्याचा आकडा. नांदेडच्या आमच्या कॉलेजात बढतीच्या वेळी हाच आकडा विचारतात. माझा शून्यावर असा ठाण मांडून बसलेला, की आमचा शिपाईसुद्धा एका जागी इतका वेळ बसत नाही.

निबंध म्हणावा असा एकच, देवणी गाईंच्या जनुकांवरचा. रक्ताचे नमुने घेतले ते देवणी गावाजवळच्या आमच्याच गोठ्यातून. तेव्हा मार्गदर्शक सरांनी माझ्या वडिलांना, अण्णांना, विचारलं होतं, "सगळी अस्सल ना?" आमच्याकडे हे विचारणं म्हणजे घराण्याबद्दल शंका घेणं. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग काय! असल हायेत." सर ओशाळले, आणि निबंधात 'शुद्ध देवणी' असं लिहिलं गेलं.

तेव्हापासून दर फोनला अण्णांचा एकच प्रश्न. "आपल्या गाईचं कोन काय लिव्हलं का?" मी म्हणायची, नाही अजून. मुलीचं नाव व्हावं म्हणून बिचाऱ्यांचा जीव किती टांगणीला लागलाय, असं वाटून मला भरून यायचं.

गेल्या महिन्यात आकडा हलला. एक! चहा तसाच ठेवून मी तो परदेशी निबंध उघडला. माझ्याबद्दल त्यात एकच वाक्य होतं. ही जनावरं संकरित दिसतात, निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत. त्यापेक्षा शून्य बरा होता. उमेदीची सगळी वर्षं मातीत गेली, आणि पानावर मात्र ते वाक्य 'एक संदर्भ' म्हणून माझ्या नावे जमा.

रविवारी गावी गेले. अण्णा गोठ्यात कडबा टाकत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "लिव्हलं का कोन?"

"लिहिलं."

त्यांचा हात थांबला. "काय म्हनले? असल म्हनले का?"

ह्या वयात त्यांना काय सांगायचं? "हो अण्णा," मी म्हणाले.

ते गव्हाणीच्या कडेला टेकले. कितीतरी वर्षांनी मी त्यांचा चेहरा असा सैल झालेला पाहत होते.

"सुटलो माय," ते म्हणाले. "आपला वळू मेला तवा म्या गाईंला लाल कंधारी जातीचा वळू दावला व्हता. त्यांना बी कळलं न्हाई."