सहा बाटल्या आणि चिकटपट्टी

उद्या सकाळी सात वाजता गेथिन चॅपलच्या छपरावर चढेल, आणि त्याच्या खिशातली बाटली तीनची आहे की बाराची, हे मला माहीत नाही. संध्याकाळपासून दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून वहीत लिहितेय.

गेथिन माझा मुलगा. बत्तीस वर्षांचा. छपरांवर दगडी पाट्या बसवतो. वेल्समधल्या आमच्या ट्रेऑर्की गावातली निम्मी छपरं त्याच्या हाताखालून गेली असतील. चौदाव्या वर्षी त्याने सिगारेट धरली. वडिलांची छाती भात्यासारखी वाजताना ऐकली, तरी सोडली नाही. त्यांच्या अंत्यविधीलासुद्धा भिंतीकडे तोंड करून ओढत उभा होता. सुटली ती तीन वर्षांपूर्वी, व्हेपमुळे, म्हणजे त्या वाफ ओढायच्या विजेच्या सिगारेटमुळे. दुकानातलं लिक्विड त्याला साबणासारखं लागायचं, म्हणून स्वतःच बनवायला लागला. ग्लिसरीन, कस्टर्डचा अर्क, व्हॅनिला आणि मोजून निकोटिन. सिरिंजमधून थेंब सोडताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येते. पहिलीत बेरीज करताना यायची तशीच.

कस्टर्डच्या चवीचं लिक्विड मात्र महिनाभर मुरावं लागतं, उबेत आणि अंधारात. त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये गरम पाण्याची टाकीच नाही, त्यामुळे टाकीभोवतीचं उबदार कपाटही नाही. म्हणून बाटल्या माझ्या कपाटात, टॉवेलांच्या मागे. रविवारी जेवायला आला की आधी जिना चढून बाटल्या हलवतो, मग मला "कशी आहेस" विचारतो. आठवडाभर हलवायचं काम माझं.

या खेपेला सहा होत्या. चार त्याच्या, निकोटिन तीनच्या ताकदीचं. दोन शेजारच्या एम्लिनच्या, बाराच्या, म्हणजे चौपट कडक. एम्लिन खाणीतला जुना माणूस, त्याला हलकं पुरत नाही. बाटल्या सगळ्या सारख्या. ओळख फक्त चिकटपट्टीवरच्या आकड्याची.

मागच्या आठवड्यात टाकी गळली आणि चार दिवस कपाट गार पडलं. घाई असली की लोक बाटल्या कोमट पाण्यात ठेवतात, असं गेथिन कधीतरी म्हणाला होता. बुधवारी मीही ठेवल्या. फोन करून विचारलं नाही. अर्ध्या तासाने पाहते तर सहाच्या सहा पट्ट्या पाण्यावर तरंगत होत्या.

निकोटिनने रंग गडद होतो, एवढं मला ठाऊक होतं. दोन बाटल्या गडद होत्या. त्यांवर बारा चिकटवलं, उरलेल्या चारांवर तीन.

आज जेवताना एम्लिनही होता. गेथिनने बाटल्या टेबलावर आणल्या.

"घे म्हाताऱ्या, तुझं औषध."

"चांगलं मुरलंय ना? की मागच्यासारखा खोकल्याचा काढा?"

"मागची अर्धी बाटली एका दिवसात संपवलीस, तेव्हा नाही काढा आठवला?" मग स्वतःची बाटली उजेडात धरून म्हणाला, "आई, मी माझ्या चारांपैकी दोन बाटल्यांत व्हॅनिला दुप्पट घातलं होतं. आतापर्यंत चहासारखा रंग यायला हवा होता. ही तर फिकीच आहे."

"कपाट गार पडलं होतं ना," मी म्हणाले.

"असेल. एक नेतो तरी, जुनी संपत आली. उद्या उघडेन."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मागे मी त्याचं व्हेपचं यंत्र चुकून धुतलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "आई, आता बाटल्या लॉरीच्या आईकडे ठेवतो." लॉरी त्याची बायको, तिच्या माहेरीही टाकीचं कपाट आहे. बाटल्या गेल्या तर रविवारही हळूहळू तिकडे जातील, असं मनात आलं. मी बटाटे वाढले.

संध्याकाळी कुंपणावरून एम्लिनने हाक मारली. "तुझ्या पोराला सांग, व्हॅनिला झकास. पण दमच नाही यात! पाणी घातलं काय?"

म्हणजे त्या बाटल्या व्हॅनिलाने गडद झाल्या होत्या, गेथिनच्या होत्या. तीनच्या. आणि मी तीन लिहिलेल्या चारांपैकी दोन बाराच्या आहेत. त्यातली एक त्याच्याकडे असेल किंवा नसेल.

सुरुवातीला एकदा त्याच्या हातून निकोटिन जास्त पडलं होतं. न्हाणीघराच्या फरशीवर पांढराफटक बसला होता, घामाने भिजलेला. "आई, घर फिरतंय," म्हणत होता. तेव्हा खाली फरशी होती. उद्या ओल्या पाट्या असतील, आणि खाली तीन मजले.

तो नऊला झोपतो. सकाळी फोन गाडीत ठेवून वर चढतो. आता फोन केला तर लॉरी दचकून उठेल. तो चिडेल, "चार दिवस गप्प बसलीस?" म्हणेल. बाटल्या न्यायच्या तर नेऊ दे. रविवारचं पुढे बघू.

वही मिटते. फोन खाली स्वयंपाकघरात आहे. लावते त्याला.