धुऱ्यावर पुरलेलं बोळकं

पितृपक्षात प्रवासाला निघू नये, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. मी तर मुळातच भित्री. मांजर आडवं गेलं तर मी रिक्षा थांबवते आणि रिक्षावाल्याला पटावं म्हणून दोन मिनिटं पर्समध्ये उगाच चावी शोधते. तरी मी पुण्याहून निघाले, कारण धाकट्या बहिणीचा, शलाकाचा, फोन आला होता. "ताई, दिवस आणि रात्र सारखी होते तो माझा सण आहे. तीन वर्षं एकटीने केला. या वेळी तरी ये."

हा सण आपला नव्हे. शलाका नवऱ्याबरोबर आठ वर्षं आयर्लंडमध्ये होती. तिथल्या एका शेजारणीकडून ती हे सगळं शिकली: वर्षाचे आठ सण, माती-पाणी-वारा-अग्नी यांची पूजा, पानाफुलांची औषधं, पत्ते मांडून मनाचा कौल घेणं. ती स्वतःला हसत हसत 'विच' म्हणवते. मला त्याला मराठीत एकच शब्द येतो, चेटकीण, आणि तो मी घरात मोठ्याने उच्चारत नाही. तिचा नवरा हेमंत तीन वर्षांपूर्वी अचानक गेला. तेव्हापासून ती शेंदूरजनाघाटजवळच्या त्याच्या वाट्याच्या संत्र्याच्या बागेत एकटी राहते.

शेगावला कचोरी घेतली, पण घशाखाली उतरेना. अकोल्याला समोरच्या बाकावर अकोटच्या एक बाई येऊन बसल्या. पाच मिनिटांत त्यांनी माझी सगळी माहिती काढून घेतली.

"बहीन एकटीच राह्यते? बागेत?"

"हो."

"माय माय! एकटी बाई अन् संत्र्याची बाग. लोकाईच्या डोयात येते थे." (डोळ्यात येतं ते.)

असं म्हणून त्यांनी डब्यातली भाकर माझ्या हातावर ठेवली आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या. माझी झोप मात्र उडाली.

अमरावतीला गिला वडा खाल्ला. नाव ऐकून मला वाटलं होतं काहीतरी पातळ असेल. प्रत्यक्षात दह्यात बुडालेला, वरून तिखट भुरभुरलेला मऊ वडा. दोन खाल्ले, मग जरा धीर आला. मोर्शीच्या पुढे एसटी पंक्चर झाली. पाय मोकळे करायला उतरले, तर चपलेखाली काहीतरी फुटलं. बघते तर टाचण्या टोचलेलं लिंबू! मी किंचाळलेच. कंडक्टर म्हणाला, "काई होत नाई मॅडम, टाचनी नाई ना टोचली?" त्याला टाचणीची काळजी आणि मला पुढच्या सात पिढ्यांची. वरूडपर्यंत मी तो पाय वर उचलूनच बसले होते.

शलाकाची बाग पाहिली आणि सगळं विसरले. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग, खाली काळी माती, आणि त्यात हिरवीगार झाडं. पण झाडांखालीही हिरवंच दिसत होतं. कच्ची संत्री गळून पडली होती. शलाकाचा धाकटा दीर दिगंबर शेजारच्याच बागेत टोपलं घेऊन ती उचलत होता. मधे फक्त एक धुरा (बांध). भावाभावांची वाटणी त्या धुऱ्यावर झालेली.

"या ताई," तो म्हणाला. "तीन हप्ते झाले, फयं गयून राहिले. फवारनी केली, औषध टाकलं, काई फरक नाई. झोप लागत नाई मले."

त्या संध्याकाळी त्याच्या बायकोने, नलिनीने, सांबारवडी (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर) आणून दिली. ती शलाकाच्या खोलीत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच ताटली पुढे केली. तिची नजर खिडकीखालच्या स्टुलावर होती. तिथे शलाकाची पूजा मांडलेली: पाण्याची वाटी, नदीतला गोटा, भारद्वाजाचं पीस, मेणबत्ती. मीही त्या खोलीत स्टुलाकडे पाठ करूनच झोपले.

सणाच्या दिवशी शलाकाने मला पहाटेच उठवलं. अंगणात तिने मिठाचं रिंगण घातलं. "आत ये ना," म्हणाली. मी कसली जाते! बाहेर उभी राहून मनात देवाचं नाव घेत होते. ती आत एकेका दिशेला वळून बोलत होती, तेही साध्या मराठीत. मातीला म्हणाली, तू मला इथे राहू दिलंस. पाण्याला म्हणाली, तू उशिरा आलंस पण आलंस. हेमंतचं नाव घेताना तिचा आवाज कापला. मी इतकी घाबरून गेले होते, पण त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. मला एकदम रडू आलं.

मग तिने मातीचं बोळकं घेतलं. त्यात सात धान्यं, हळद आणि एक कागद. कागदावर दिगंबर, नलिनी आणि त्यांच्या दोन्ही मुलांची नावं. वरून लाल दोरा गुंडाळला.

"अगं, नावं कशाला?"

"उन्हाळ्यात माझी विहीर आटली तेव्हा यांनी पाणी दिलं. त्यांच्या झाडांनाही बरं वाटू दे. नावाशिवाय आशीर्वाद पोचणार कुणाला?"

"आणि उलट काही झालं तर?"

"आमच्यात वाईट चिंतलं तर ते तिप्पट होऊन आपल्यावरच येतं, ताई. कोण मूर्ख चिंतेल?"

इथल्या मातीत वाढलेल्या कुणीही हे केलं नसतं. नावं लिहून धुऱ्यावर पुरणं म्हणजे करणी, हे शाळकरी पोरही सांगेल. शलाका पुण्यात वाढली आणि परदेशात शिकली, तिला ते सुचलंच नाही. मला मात्र सुचलं होतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदा ती अशी खुशीत दिसत होती, तेव्हा मी गप्प बसले. इतकंच नव्हे, तिने खुरपं पुढे केलं तर धुऱ्यावर खड्डाही मीच उकरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला अंगणात दहा-बारा माणसं उभी राहिली. पुढे दिगंबर, हातात फावडं, फावड्यावर ते बोळकं. हाताने शिवायचीही त्याची तयारी नव्हती. धुऱ्यालगतच्या झाडाचं आळं सारखं करताना ते वर आलं होतं.

नलिनी रडत होती. "माह्या लेकराईचे नावं काहून लिहिले, वैनी? काय बिघडवलं त्याईनं तुमचं?"

शलाका सरळ पुढे गेली. "मीच पुरलं ते. तुमच्या भल्यासाठी."

"भल्यासाठी कोनी जमिनीत गाडते का?"

कुणीतरी म्हणालं, फळगळ साऱ्या तालुक्यातच आहे. लगेच दुसरा म्हणाला, "पन नावं तं याईच्याच घरचे हायेत ना?" आणि मग मागून तो शब्द आला. "चेटकीन हाय थे."

माणसं दोन-दोन पावलं पुढे सरकली. बाईला घराबाहेर ओढून मारल्याच्या बातम्या मी आजवर चहा पिता पिता वाचल्या आहेत. शलाका मात्र मान ताठ ठेवून उभी होती, एकेकाच्या प्रश्नाला उत्तर देत होती. बाईला चेटकीण ठरवण्याविरुद्ध कायदा आहे, हेही तिने सांगितलं. त्याने लोक आणखीच चिडले.

दिगंबर माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो माझ्याइतकाच घाबरलेला होता. "ताई, तुमी मोठ्या. तुमीच सांगा, हे काय हाय?"

खड्डा मी उकरला, एवढं म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "हेमंतराव गेल्यापासून तिच्या डोक्यावर परिणाम झालाय हो. औषध चालू आहे. तिला काही कळत नाही."

बघता बघता सगळं निवळलं. एका म्हाताऱ्याने चुकचुक केलं. नलिनीने डोळे पुसले. "अवं माय, हे पहिलेच सांगाचं न." माणसं एकेक करून फाटकाबाहेर गेली. दिगंबरने बोळकं माझ्या हातात दिलं, शलाकाच्या नाही. शलाका माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी नलिनी रोडगे आणि वरण घेऊन आली, आणि या वेळी थेट आत आली. शलाका समोर बसलेली असताना तिने मला विचारलं, "तिले भरवू का?" जाताना स्टुलावरची मेणबत्ती आणि काडीपेटी उचलून घेऊन गेली. "हाताशी नका ठेवजा, ताई. स्वतःले जाळून घेईल कुठी."

मी निघाले तेव्हा शलाका दारापर्यंत आली. "ते मला चेटकीण म्हणत होते तेव्हा मी त्यांना उत्तर देत होते, ताई," ती म्हणाली. "आता मी काहीही बोलले तरी ते नुसती मान हलवतात."

दिगंबरने मला मोटारसायकलवरून एसटी स्टँडवर सोडलं. माझी बॅग स्वतः वर चढवली. "तुमी काळजी नका करू. वैनीले आमी सांभाळू. बागेचंही मीच पायतो आता. दिवाळीनंतर तिची सही घेऊन टाकू. येड्या मानसाच्या हातात बाग कशी ठेवाव?" तो इतक्या मायेने बोलत होता की मला घाम फुटला. लबाड असता तर भांडले तरी असते.

पुण्यात सगळ्यांनी विचारलं, प्रवास कसा झाला? मी गिल्या वड्याचं सांगितलं, लिंबावर पाय पडल्याचं सांगितलं, सगळे हसले. आठ दिवस मी झोपले नाही. जन्मभर मी ज्या गोष्टींना भ्यायले, त्या मांजरांनी आणि लिंबांनी माझं कधी काही वाकडं केलं नाही. शलाकाच्या मिठाच्या रिंगणाने तर नाहीच. माझ्या बहिणीची बाग आणि तिचा शब्द, दोन्ही एका वाक्यात घालवलं ते मी, आणि ते भीतीपोटी. बरं, आता दिगंबरला खरं काय ते सांगितलं, तर ती पुन्हा चेटकीण ठरणार. नवव्या दिवशी सकाळी मी दिगंबरला फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"दिगंबरभाऊ, मी खोटं बोलले. शलाकाच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. ती तुमच्या-माझ्यासारखी शहाणी आहे. आणि तो खड्डा मी उकरला होता."

तो हळूच म्हणाला, "म्हंजे माह्या पोट्ट्याईचे नावं तिनं समजून-उमजून गाडले?"

"हो. पण भल्यासाठी. तुम्ही पाणी दिलंत म्हणून. भाऊ, ऐका तरी..."

फोन बंद झाला होता.

लगेच शलाकाला लावला. तिसऱ्यांदा तिने उचलला. मी सगळं सांगून टाकलं, मी काय बोलले आणि तो काय म्हणाला ते.

"बरं केलंस, ताई," ती म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखा होता. "थांब हं, दाराला कडी लावून येते."

मी फोन कानाला घट्ट लावून बसले.