हळदीच्या पेवातली गांधारी

एकोणसत्तर साली साताऱ्याजवळच्या पठारावर सिनेमाची कंपनी उतरली. गांधारी राणीचा मोठा सिनेमा. हत्ती, रथ, जरीचे तंबू, कशाला म्हणून तोटा नव्हता. फक्त नायिकाबाईंना तापलेल्या कातळावर अनवाणी चालवेना. पाय नाजूक! डोळ्यांवर पट्टीच बांधायची आहे तर कोणीही चालेल, असं म्हणून रोजावर आलेल्या बायकांतून कोरेगावच्या उंचपुऱ्या राहीबाईंना पुढे काढलं. डोळे बांधले आणि बजावलं, "मुडद्यांमधून चालायचं. तोंडातून ब्र काढायचा नाही." राहीबाई दुपारभर चालल्या. शाबासकी नायिकाबाईंना मिळाली, ते सोडा.

सिनेमा साताऱ्याच्या थेटरात लागला तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा मानसिंग पलटणीतून रजेवर आला होता. पडद्यावर गांधारी चालायला लागली आणि हा पठ्ठ्या खुर्चीवर उभा! "आवं, ही माजी आय हाय! चालीवरनं वळखली मी!" सगळं थेटर हसलं. राहीबाईंनी लाजून पदर तोंडात धरला. त्या दिवसाइतक्या सुखात त्या पुन्हा कधी नव्हत्या.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली. तार आली, मग मानसिंगची ट्रंक आली. मानसिंग तिकडेच राहिला. बिनलग्नाचं पोर गेलं तर सरणावर ठेवण्याआधी त्याला हळद लावायची, ही त्यांच्या घरची रीत. आता हळद लावायची कुणाला? ट्रंकेला? भावकीनं फोटोला हार घालायचं काढलं तेव्हा राहीबाई कडाडल्या, "मी त्येचं तोंड बघितल्यालं न्हाई. हार घालंल त्येचा हात मोडीन." फोटो ट्रंकेत गेला. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पुढे त्या सांगलीजवळ हरिपूरला भावाकडे राहायला आल्या आणि वखारीत हळद निवडायला जाऊ लागल्या. दिवसभर हात हळदीत, आणि पोराची हळद तेवढी राहिलेली. कसं काढत असतील दिवस, त्यांचं त्यांना ठाऊक.

मग आणीबाणी आली. वखारवाल्याचा जिनदत्त कॉलेजात शिकत होता. राज्य आंधळं झालंय हे उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यानंही गुपचूप गांधारीचाच सिनेमा काढायचं ठरवलं; राणी अर्थात वखारीतल्या राहीबाई. लग्नं टिपायचा छोटा मुका कॅमेरा, पाच मित्र आणि जागा म्हणाल तर रिकामं पेव. हरिपुरात जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत हळद साठवतात, त्यातलं एक. दोन दिवस तोंड उघडं ठेवलं, कंदील सोडून आतली हवा पाहिली, भर दुपारी वरून आरशानं ऊन आत पाडलं. सिनेमाची गोष्ट कुठं लिहिलेली नव्हती. कागद सापडला असता तर सगळे गजाआड!

"मावशी, तुमाला सुचंल ते करा," जिनदत्त म्हणाला.

पाच पोरं मुडदे होऊन पडली होती. राहीबाईंनी आधी डोळ्यांवरची पट्टीच सोडली. "आवं मावशी, पट्टी!" जिनदत्त ओरडला, पण ऐकतंय कोण? त्या एकेकाचं तोंड उजेडाकडे वळवून बघू लागल्या. "ह्यो न्हाई. ऊठ रं, घरला जा. आई वाट बघत आसंल." चौघं उठली. पाचवा कृष्णात, मानसिंगच्याच वयाचा. त्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग पेवाच्या तळाशी सांडलेली पूड चिमटीत धरून त्याच्या कपाळाला लावली, गालांना लावली, हातापायांना लावली. आणि पाच वर्षं अडवून धरलेलं रडू फुटलं. रीळ संपलं, तरी कृष्णात हलला नाही. शहाणं पोर.

महिन्याभरानं दारं लावून, भिंतीवर चादर टांगून दहा-बारा जणांना तो सिनेमा दाखवला. काळ्यापांढऱ्या चित्रात हळद कुठली ओळखू येणार?

"राणीनं पोराच्या तोंडाला राख फासली व्हय?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई बाबा," राहीबाई म्हणाल्या. "हळद हाय ती. माज्या मानसिंगची ऱ्हायली हुती."

घरी येऊन त्यांनी ट्रंकेतला फोटो काढला, पदरानं पुसला आणि भावाला म्हणाल्या, "उद्या झेंडूचा हार आण."