आप्पांची उठायची खुर्ची

"फोड ती खुर्ची आन् घाल चुलीत!" आईनं फर्मान काढलं. मी गोठ्याच्या माळ्यावरून खुर्ची खाली घेत होते. अंगभर धूळ, केसांत जाळी, पण खुर्चीचा हात पुसला आणि खाली सागवान चमकलं. मी ओरडलेच, "आई, हात तर लावून बघ! चुलीत म्हणे!"

ही खुर्ची आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी एका जुन्या कचेरीच्या लिलावात घेतली होती. रुंद हात, सरळ पाठ. सीट फाटली तशी ती माळ्यावर गेली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या.

मला ती आत्ताच हवी होती, त्याला कारण होतं. आप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन चालत होते, पण बसले की उठता येईना. प्लास्टिकची खुर्ची मागं सरकायची, बाज खोल. आणि आप्पांची रीत अशी, की ओसरीवर कुणीही आलं, अगदी त्यांच्यापेक्षा लहान, तरी उभं राहून रामराम घालायचा, त्याला बसवायचं, मग आपण बसायचं. एकदा त्यांचे जुने मास्तर आले. आप्पा उठायला गेले, जमेना. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. त्या दिवसापासून ते ओसरीवर यायचेच बंद झाले. "बसल्या जागी रामराम घालू का? त्यापरीस आत बरा हाय मी," म्हणाले. दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड. मला त्यांचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

मी आमच्या ताडकळस गावाजवळच्याच एका शाळेत शिकवते. दिवाळीची सुट्टी लागली होती. मोबाईलवर चार व्हिडिओ बघितले आणि मी स्वतःला कारागीर समजायला लागले! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

पण काय मजा आली हो! पेचकसानं एकेक चूक, म्हणजे तो बारका खिळा, उपसायचा. हिरवं रेक्झिन निघालं, त्याखाली मरून, त्याखाली निळ्या पट्ट्यांचं कापड. सगळ्यात खाली भुईमुगाची टरफलं! कचेरीतला कुणी साहेब कामाच्या वेळेला शेंगा खात बसायचा तर! मी एकटीच खदखदून हसले. "लेकीला भूतबित लागलं वाटतं," आई आतून म्हणाली.

मग भरायचं काय? आमच्यासारख्या कापूसवाल्यांना माया दाखवायची म्हटलं की कापूसच सुचतो. पाहुणा आला की सगळ्यात जाड गादी त्याच्या खाली. मी घरचा कापूस पिंजून आणला आणि दाबून दाबून निम्मं पोतं सीटमध्ये घातलं. वरून फुलाफुलांचं कापड. आप्पांना हाताला धरून आणलं. ते बसले आणि तोंड भरून हसले, "लय मऊ केलीस गं!" मी टाळ्याच पिटल्या.

"आता उठा."

आप्पा कमरेपर्यंत आत रुतले होते. हात रेटले, तोंड लाल झालं, उठता येईना. शेवटी मी आणि आईनं ओढून काढलं. ते काठी टेकत आत गेले. मी गोठ्यात जाऊन ढसाढसा रडले. स्वतःच्या थोबाडीत मारावी वाटली.

दुसऱ्या दिवशी बाजार. मी खुर्ची रिक्षात घातली आणि स्टँडजवळ ट्रॅक्टरच्या, मोटारसायकलींच्या सीटा शिवणाऱ्या चाचांकडं नेली. त्यांनी सीटवर मूठ दाबली. मूठ मनगटापर्यंत गेली.

"बेटी, ये तो लेटने की गादी बनाई तू. आदमी जिसपे बैठता, उसपे से उठता बी."

एवढंच! आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तर फक्त बसायचा विचार केला होता. "चाचा, तुमी फक्त सांगा, हात माझेच लावते," मी म्हणाले. ते म्हणाले, "बोटं फुटतीन." फुटली. तागाचे पट्टे असे ताणायचे, की टिचकी मारली तर डफासारखे वाजले पाहिजेत. माझा पहिला पट्टा भदभद वाजला. चाचांनी उपटून फेकला, "फिरसे!" मग नारळाचा काथ्या मोकळा करून कडक भरायचा, पुढची कड दाभणानं टाके घालून घट्ट बांधायची. कापूस वर फक्त बोटभर. पायांखाली सागवानी ठोकळे ठोकून सीट उंच केली. संध्याकाळी मी सीटवर मूठ मारली तर मूठच दुखली. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता!

सकाळी खुर्ची ओसरीवर ठेवली. आप्पा येईनात. "पुन्हा तमाशा नको," म्हणाले. मी भांडले, हात जोडले, शेवटी रुसून बसले, तेव्हा आले. बसले. "कडक हाय," एवढंच बोलले.

तेवढ्यात दारातून त्यांचे जुने मास्तर आत आले. निरोप मीच धाडला होता, कबूल करते.

मी आधार द्यायला पुढं झाले. आईनं माझा पदर मागं ओढला. आप्पांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले, पाय मागं घेतले, दात आवळले. एकदा अर्ध्यातून परत टेकले. पुन्हा रेटा दिला आणि सरळ उभे राहिले! काठी भिंतीला तशीच होती.

"रामराम मास्तर! बसा."

आणि मास्तरांना बसवलं कुठं? माझ्या त्या खुर्चीत! बोटं फोडून केलेली खुर्ची पहिल्याच दिवशी पाहुण्याला, आणि खुब्याचा माणूस उभा! मी ओरडले, "आप्पा, तुमी बसा की!"

आप्पा भिंतीला टेकून हसायले होते. कित्येक महिन्यांनी.

"बसू की गं. बसायला काय, आता उठता येतंय."