गोबऱ्याला भीती शिकवणारा

"मूठ आवळ, अण्णा! बोटा दाखवू नको!"

पाण्यात उतरण्याआधी आमचा शेजारी प्रत्येकाला हे बजावायचा आणि स्वतःची मूठ त्याच्या नाकासमोर नाचवायचा. मालवणात पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवणं हा त्याचा धंदा. मला त्यानं फुकट नेलं. माझं पोट बघून कमरेला शिसं मात्र दुप्पट बांधलं.

मांजराला लळा लावून पस्तावलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. ह्यानं लळा लावला होता गोबऱ्याला. समुद्रातल्या खडकाच्या, आमच्या खडपाच्या, एकाच कपारीत वर्षानुवर्षं राहणारा, अंगभर तपकिरी ठिपक्यांचा, तोंड उघडलं की टोपच वाटावा असा मासा. पर्यटकांना दिसावा म्हणून हा त्याला बांगड्याचे तुकडे भरवायचा. पुढे पुढे उघडा तळवा दिसला, की गोबरा कपार सोडून यायला लागला. कुणाचाही तळवा.

"पयली ह्यो मादी होतो," तो आमच्या पडवीत सांगायचा. "मोठो झालो, तसो नर झालो. ह्यो गेलो तर उरलेल्यातली मोठी मादी नर होतली. पण तेका वेळ लागता."

"आमच्याकडे नाय हो वेळ लागूचो," माझ्याकडे बघत बायको म्हणाली.

मग खडपावर एक परकी बोट येऊन राहिली. तिच्यातली माणसं भाले घेऊन बुड्या मारायची. मोठा गोबरा मिळाल्याशिवाय हलणार नाही, असं त्यांनी धक्क्यावर उघड सांगितलं. बाजूच्या कपारी एकेक करून रिकाम्या झाल्या.

एके सकाळी हा दांडका घेऊन एकटाच खाली गेला. तळवा दाखवला आणि पुढे आलेल्या गोबऱ्याच्या डोक्यात हाणला.

"माणसाक भियाक व्हयो तो," वर आल्यावर म्हणाला. "मारलंय, तरी परत इलो रे, अण्णा."

असं बरेच दिवस चाललं. मग एकदा गोबरा आलाच नाही. भ्याला, की भाल्याला लागला?

"बांगडो दाखवून बघ मरे," मी शहाणपणा केला.

"आणि इलो तर?"

मी चहाच्या कपात तोंड घातलं.

त्यानं धंदा सोडला. वेंगुर्ल्याला बर्फाच्या कारखान्यात लागला. रोज संध्याकाळी त्याचा फोन.

"बोट आसा?"

"आसा."

"मगे आसा तो."

जी बोट बुडावी असं मला वाटायचं, तीच बघायला मी रोज धापा टाकत किनाऱ्यावर जातो. दिसली की हायसं वाटतं.

आज खडपावर नुसतं पाणी आहे. फोन वाजतोय.